ऑफिस कुठं असणार, हे ठरवतं कोण?

शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या वेळेला मेल येतो : ‘पुढच्या महिन्यापासून आपलं ऑफिस खराडीच्या नव्या इमारतीत.’ सोबत काचेच्या इमारतीचा चकाचक फोटो. सगळे टाळ्या वाजवतात आणि एकजण मान खाली घालून मोबाइलवर मॅप उघडतो.

तो एकजण माझा शाळेतला मित्र. गाव केज तालुक्यात, नोकरी हिंजवडीत. दोनच महिन्यांपूर्वी त्यानं वाकडला तिघांत रूम घेतली होती, डिपॉझिट भरून. वाकड ते खराडी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक. त्या रात्री फोनवर तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “आपल्याला विचारलं कुणी?”

प्रश्न तुम्हालाही लागू आहे. बीडमधून पदवी घेऊन निघणारे आपण पुण्यात कुठं राहणार, प्रवासात किती तास घालवणार, पगारातले किती पैसे घरी पाठवणार, हे बरंचसं ऑफिसच्या पत्त्यावर ठरतं. मग तो पत्ता ठरवतं कोण? शोधायला लागले, तेव्हा कळलं की हे एक अख्खं क्षेत्र आहे. नाव, कॉर्पोरेट रिअल इस्टेट. ‘रिअल इस्टेट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं प्लॉटिंगचे फलक येतात. इथं मामला वेगळा आहे. बांधून विकणं हा यांचा धंदा नाही. कंपनीला किती जागा लागेल, ती कुठं घ्यायची, भाड्यानं की विकत, आणि कधी सोडायची, हे ठरवणारी ही मंडळी.

एका खुर्चीचा हिशेब

समजा, कंपनीत 500 माणसं आहेत आणि माणशी 80 चौरस फूट जागा लागते. झाले 40 हजार चौरस फूट. भाडं चौरस फुटाला महिन्याला 80 रुपये धरा. महिन्याचे 32 लाख रुपये झाले. आता कुणीतरी हजेरी तपासतं आणि म्हणतं, घरून कामामुळं एका वेळी ऑफिसात 300च्या वर माणसं नसतातच. मग 24 हजार चौरस फुटांत भागेल. भाडं 19 लाख 20 हजारांवर येतं. वर्षाला दीड कोटीहून जास्त वाचले! वस्तू एकही जास्त विकली नाही, फक्त रिकाम्या खुर्च्या मोजल्या. म्हणूनच पगारानंतर जागेचा खर्च हा कंपन्यांच्या मोठ्या खर्चांपैकी एक मानला जातो आणि त्यासाठी वेगळी माणसं नेमली जातात.

पण नुसतं स्वस्त भाडं बघून चालत नाही. जागा बदलली आणि शंभर चांगली माणसं सोडून गेली, तर वाचलेले पैसे नव्या भरतीत जातात. म्हणून वीज, रस्ते, मेट्रो, विमानतळ, आसपास मिळणारं मनुष्यबळ असं सगळं तोलावं लागतं. हिंजवडीचंच बघा. 1962 साली स्थापन झालेल्या एमआयडीसीनं राजीव गांधी आयटी पार्क उभारलं, मोठमोठ्या कंपन्या आल्या. पण रस्ते आणि वाहतूक त्या वेगानं वाढली नाही. आज हिंजवडी म्हटलं की लोकांना आधी ट्रॅफिक आठवतं. खराडी, बाणेर, मगरपट्टा हे पर्याय म्हणूनच चर्चेत येतात.

करारातही गंमत असते. ‘लॉक-इन’ म्हणजे ठरावीक काळ जागा सोडता येत नाही. सोडली तरी भाडं भरावं लागतं. शिवाय भाडं कशावर मोजलंय तेही बघावं लागतं. प्रत्यक्ष वापरायची कार्पेट जागा वेगळी. लॉबी, लिफ्ट, जिने यांचा वाटा धरून केलेली मोजणी वेगळी.

हे शब्द फक्त कंपन्यांचे नाहीत हं. माझ्या मित्राच्या रूमच्या करारातही सहा महिन्यांचा लॉक-इन होता. त्यानं सही करताना फक्त भाड्याचा आकडा वाचला होता. तुमचंही असंच असेल, तर एक लक्षात ठेवा : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999च्या कलम 55नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.

बीडचा नंबर कधी?

कंपन्यांच्या त्या यादीत बीडला बसवून बघा. पोरं आहेत, जमीन आहे. विमानतळ नाही. रेल्वे? 17 सप्टेंबर 2025ला बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी रेल्वे धावली तेव्हा आपल्या आजीआजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिकडं छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला सुमारे 10 हजार एकरांवर ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी उभी राहतेय. सोलापूर-धुळे महामार्ग आपल्या जिल्ह्यातूनच तिकडं जातो. म्हणजे आज ना उद्या जागा शोधणारी माणसं इकडंही फिरकणार.

तेव्हा आपण टेबलाच्या कुठल्या बाजूला असू? पुण्याजवळच्या मगरपट्ट्यात शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी जमिनी तुकड्यातुकड्यानं विकल्या नाहीत. सतीश मगर यांच्या पुढाकारानं सुमारे 400 एकर जमीन एकत्र आणली, कंपनी काढली, आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. तिथल्या सायबरसिटीत कंपन्या भाडं भरतात. जमीन विकली की पैसा एकदाच येतो, भाडं दर महिन्याला येतं. मगरपट्टा पुण्याला खेटून होता, हा फरक आहेच. पण हिशेब समजणारी माणसं आपल्यातली असणं, हे बीडलाही जमण्यासारखं आहे.

गाववाले आहेत, पुढं काय?

या क्षेत्रात ओळखींना फार महत्त्व आहे. कुठली कंपनी जागा सोडतेय, कुठली इमारत रिकामी होतेय, हे जाहिरातीआधी माणसांना कळतं. म्हणून यांच्या संस्था आहेत. ‘कोअरनेट ग्लोबल’ ही जगभरातल्या कॉर्पोरेट रिअल इस्टेटवाल्यांची संघटना. लंडनची ‘आरआयसीएस’ तर 1868 पासूनची. तिथं लोक भेटतात, अनुभव सांगतात, अभ्यासक्रम करतात.

आता तुम्ही म्हणाल, आपली कुठं एवढी ओळख? अहो, ओळखीवर तर आपला जिल्हा चालतो! पुण्यात उतरल्यावर पहिली रूम गाववाल्याची, पहिली मेस गाववाल्यानं दाखवलेली. ऊसतोडीला जाणारी टोळीसुद्धा मुकादमाच्या ओळखीवरच जुळते. पण तिथं उचल घेतली की माणूस बांधला जातो, आणि फडातला हिशेब मुकादमाकडंच राहतो. व्यावसायिक ओळखीत माहिती दोन्हीकडं फिरायला हवी. बांधून घेणारी ओळख आणि वाट दाखवणारी ओळख, यातला फरक आपल्याइतका कुणाला कळणार?

माझी चूकही सांगते. लिंक्डइनवर मी अनोळखी लोकांना ‘सर, व्हेकन्सी आहे का?’ असे डझनभर मेसेज टाकले होते. एकाचंही उत्तर नाही. या लेखासाठी मात्र विचारलं, ‘ऑफिस हलवताना सगळ्यात अवघड काय असतं?’ तर एका बाईंनी चक्क फोन केला आणि अर्धा तास बोलल्या. नोकरी मागितली की समोरचा दार लावून घेतो, काम विचारलं की खुर्ची पुढं करतो.

सुरुवात कुठून कराल?

• वाणिज्य, कायदा, स्थापत्य, आर्किटेक्चर, डेटा या सगळ्यांना इथं जागा आहे. एक्सेल आणि करार वाचण्याची सवय, दोन्ही लागतं.
• बालेवाडीच्या ‘निकमार’सारख्या संस्थांमध्ये बांधकाम आणि रिअल इस्टेट व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत. एजंट म्हणून काम करायचं तर महारेराची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते; 2023 पासून हा नियम आहे.
• सीबीआरई, जेएलएल, कुशमन अँड वेकफिल्ड, नाइट फ्रँक अशा सल्लागार कंपन्यांचे पुण्याच्या बाजारावरचे अहवाल वाचा. बरेच फुकट मिळतात.
• ओळख झाली की एक प्रश्न विचारा, आणि नंतर आभाराचा मेसेज टाका. तुम्हाला कळलेलं तुमच्या मागच्या बॅचलाही सांगा.

आता मित्राचं पुढं काय झालं ते सांगते. तो ऑफिसच्या अॅडमिन विभागात भांडायला गेला. तिथल्या माणसानं शांतपणे स्क्रीन त्याच्याकडं फिरवली. जागा ठरवण्याआधी सगळ्यांना एक फॉर्म गेला होता : राहता कुठं, पिनकोड काय? त्यावरून नकाशा करून कुणाला किती प्रवास पडेल, हे मोजलं होतं. मित्रानं घाईत कायमचा पत्ता टाकून दिला होता. त्यामुळं त्या नकाशावर तो वाकडला नव्हताच, केजला होता.

म्हणजे विचारलं होतं. सध्या तो खराडीत नवी रूम शोधतोय. करार मात्र या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचणार म्हणतोय. तुमच्याकडंही असा एखादा फॉर्म मेलमध्ये पडून असेल. आज उघडून बघा.