दोनशे सेकंदांचा पेच

28 जुलै 2006 रोजी नामिबियातील हेस दुर्बिणी पीकेएस 2155-304 या ब्लेझरकडे रोखलेल्या होत्या. सुमारे दीड अब्ज प्रकाशवर्षांवरून येणारे त्याचे गॅमा किरण जेमतेम दोनशे सेकंदांत भडकत होते. अशा ब्लेझरच्या केंद्रातले कृष्णविवर सूर्याच्या अब्जपट वस्तुमानाचे मानले जाते. त्याच्या घटनाक्षितिजाएवढे अंतर कापायलाच प्रकाशाला काही तास लागतात. मग तेज मिनिटांत कसे पालटले?

ब्लेझर म्हणजे कृष्णविवराजवळून निघालेला कणांचा झोत नेमका आपल्याकडे वळलेली सक्रिय दीर्घिका. झोताचा वेग प्रकाशाच्या जवळपास असल्याने त्याचे तेज आपल्याला कित्येक पट वाढलेले आणि चढउतार आखडलेले दिसतात. पण इथे नेहमीचा वेगही पुरेना. इतक्या लहान जागेत दाटलेले गॅमा किरण इतर फोटॉनांवर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांत संपायला हवेत. ते निसटतात, त्या अर्थी वेग प्रकाशाच्या सुमारे 99.98 टक्के हवा, असे गणित निघाले. रेडिओ दुर्बिणींना मात्र अशा ब्लेझरमधल्या गाठी बऱ्याच संथ दिसतात. म्हणून मोठ्या झोताच्या पोटात छोटे, अधिक वेगवान झोत उसळत असावेत, चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळताना त्यांना ऊर्जा मिळत असावी, ही मांडणी पुढे आली. मला ती पटते. दोन्ही निरीक्षणांना तिच्यात जागा आहे.

हे गॅमा किरण कोणते कण घडवतात, याचा निवाडा मात्र निव्वळ वर्णपटावरून होत नाही. ब्लेझरच्या वर्णपटाला दोन उंचवटे असतात. पहिला चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, याबद्दल फारसा वाद नाही. दुसरा, गॅमा किरणांचा, तेच इलेक्ट्रॉन फोटॉनांना ऊर्जा देऊन घडवतात की प्रोटॉन? चुंबकीय क्षेत्र, स्रोताचा आकार, वेग, कणांची ऊर्जा, एवढ्या खुंट्या पिळायला मिळाल्या की आलेख दोन्ही प्रारूपांत जुळवता येतो.

प्रोटॉनांची खूण न्यूट्रिनो. 22 सप्टेंबर 2017 रोजी दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब वेधशाळेने टिपलेला न्यूट्रिनो टीएक्सएस 0506+056 या ब्लेझरच्या दिशेने आला होता, आणि तो ब्लेझर तेव्हा गॅमा किरणांत भडकलेला होता. प्रोटॉनवाल्यांचे पारडे जड झाले, पण पूर्ण झुकले नाही. सगळे गॅमा किरण न्यूट्रिनो घडवणाऱ्या प्रोटॉनांच्या प्रक्रियेतूनच काढले, तर क्ष-किरण प्रत्यक्षापेक्षा फार जास्त निघतात. म्हणजे तिथेही मुख्य भार इलेक्ट्रॉनांवरच. त्यात जुन्या नोंदी चाळताना 2014-15 मध्ये याच दिशेने आलेल्या न्यूट्रिनोंचा पुंजका सापडला, आणि त्या काळात गॅमा किरण शांत होते! दोन्ही प्रसंग एकाच प्रारूपात बसवणे अजून कुणाला नीट साधलेले नाही.

आता गरज आहे ती एकाच भडक्याच्या, सर्व तरंगलांबींत, खंड न पडता घेतलेल्या नोंदींची. अशा नोंदींत पृथ्वीवरचा दिवस आडवा येतो. लडाखमधल्या हानले इथे, सुमारे 4300 मीटर उंचीवर, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची 21 मीटर व्यासाची मेस ही गॅमा किरणांची दुर्बीण आहे. 4 ऑक्टोबर 2024 रोजी तिचे उद्घाटन झाले. अशाच दुर्बिणी असलेल्या कॅनरी बेटांवर ऊन असताना मार्केरियन 421 हा ब्लेझर भडकला, तर तो हानलेहून पाहता येतो.