नमुना चार

मार्च उजाडेपर्यंत खानदेशातल्या कोरडवाहू शिवारात पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात आणि दादर ज्वारी, हरभरा घरात आलेला असतो. तापीकाठच्या केळीबागांना मजूर लागतो. पण साक्रीचा पश्चिम पट्टा, शिंदखेड्याची माळरानं, चोपडा-यावलकडचे सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे इथे पुढचे तीन महिने हाताला काम नसते. ‘काम शे का?’ असे विचारत कुणी बागायतदाराचे दार गाठतो, कुणी गुजरातची वाट धरतो.

या प्रश्नाचे सरकारी उत्तर दिल्लीच्या ग्रामविकास मंत्रालयाकडे असते. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे मनरेगासाठी, 2025-26च्या केंद्रीय अंदाजपत्रकात 86,000 कोटी रुपये ठेवले होते. कोरोनाच्या 2020-21 या वर्षात, शहरांतून माणसे गावी परतली तेव्हा, ही तरतूद वाढवून 1,11,500 कोटींवर न्यावी लागली होती. एवढी मोठी रक्कम हलायला सुरुवात होते ती ‘नमुना 4’ या साध्या कागदापासून. जॉबकार्ड असलेल्या मजुराने तो भरून ग्रामपंचायतीत द्यायचा आणि ‘नमुना 5’ म्हणजे तारखेची पोच घ्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारभत्ता लागू होतो. मजुरी केंद्राची असली, तरी हा भत्ता द्यायचा राज्याने. पोच देताना हात आखडता घेतला जातो, त्याचे एक कारण इथे सापडते. पोच नसेल तर मागणीच नोंदली जात नाही, आणि नोंदलेली मागणी नसेल तर कागदावर त्या गावात बेरोजगारही नसतो.

या हमीचे मूळ महाराष्ट्रातच आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1969 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला या कल्पनेचा प्रयोग केला. 1972च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली, तेव्हा तिचे मोल राज्याला कळले. त्याच वर्षी शहाद्यात, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्ल शेतमजुरांनी, त्यांतही बायांनी, जमीन आणि मजुरीबरोबर रोजगार हमीच्या कामांसाठीही लढे दिले. राज्याने 1977 मध्ये कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आणला. पैसा उभा केला व्यवसाय करातून. जळगावच्या शिक्षकाच्या किंवा बँक कर्मचाऱ्याच्या पगारातून आजही महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, तो हाच कर. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचा भार उचलावा, हे महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी मान्य केले होते.

केंद्राचा कायदा 2005चा. फेब्रुवारी 2006 मध्ये योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या 200 जिल्ह्यांत धुळ्याचा समावेश होता. जळगावला मात्र 2008 पर्यंत थांबावे लागले. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा, साहित्याचा तीन चतुर्थांश केंद्राचा आणि उरलेला राज्याचा, अशी वाटणी ठरली. कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवस केंद्राचे, त्यापुढचे महाराष्ट्राच्या तिजोरीतून. मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण 60:40. ठेकेदाराला बंदी आणि माणसाच्या हाताचे काम हिरावणाऱ्या यंत्रालाही.

काम कसे चालते, ते डोंगरउतारावरच्या सलग समतल चरावर नीट दिसते. चुन्याने आखलेल्या समपातळीच्या रेषेवर 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चर खणायचा. निघालेली माती उताराच्या बाजूला लावून बांध घालायचा. दहा मीटर चर म्हणजे 1.8 घनमीटर खोदाई. मऊ मातीचा दर वेगळा, मुरमाचा वेगळा, कठीण मुरमाचा आणखी वेगळा. दिवसाची मजुरी 2025-26 मध्ये 312 रुपये; पण हातात किती पडणार, ते मोजमाप ठरवते. टेप कोणी धरला आणि मुरमाची नोंद माती म्हणून झाली का, यावर घरातले आठवड्याचे किराणा सामान अवलंबून असते. जानेवारी 2023 पासून मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावणे सक्तीचे झाले. त्यामुळे खोट्या मस्टरला आळा बसावा हे योग्यच. पण सातपुड्याच्या कुशीत रेंज नसेल, तर त्याची झळ खऱ्या मजुरालाही लागू शकते.

मस्टर पंचायत समितीत जाते, नोंदी संगणकावर चढतात, मजुरीचा आदेश निघतो आणि पैसे थेट मजुराच्या आधार-जोड खात्यात येतात. मधले हात कमी झाले, हा मोठाच फायदा. मात्र आधार क्रमांक किंवा खात्याची जोडणी चुकली, तर मजुराने दाद कुठे मागायची? ग्रामरोजगार सेवक तालुक्याकडे बोट दाखवतो आणि तालुका बँकेकडे. मजुरी पंधरा दिवसांपेक्षा लांबली, तर रोज 0.05 टक्के भरपाई द्यायची असा नियम आहे. सहा दिवसांच्या 1,872 रुपयांवर ही भरपाई दिवसाला जेमतेम 94 पैसे होते.

एवढे असूनही या खर्चातून जे उभे राहिले, ते टिकाऊ आहे. 1990 मध्ये महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर आंबा, बोर, सीताफळ आले. सिंचन विहिरीचे अनुदान 2022 मध्ये चार लाखांपर्यंत नेले. याउलट खानदेशातल्याच शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी यंत्रांनी नाले खोल-रुंद करून पाणी अडवले. तो ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. त्याची पाणी साठवण्याची ताकद निर्विवाद आहे. पण रोजगार हमीला एकाच रुपयात पाणीही अडवायचे असते आणि चूलही पेटवायची असते. तिचे यश नुसत्या घनमीटरांत मोजणे मजुरावर अन्याय करणारे आहे.

आता हिशेबच बदलतो आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी ‘विकसित भारत – जी राम जी’ कायदा मंजूर केला. त्यात दिवस शंभरावरून 125 झाले. पण मजुरीसकट खर्चाची वाटणी केंद्र 60 आणि महाराष्ट्रासारखे राज्य 40 टक्के अशी झाली. राज्याला किती रक्कम द्यायची ते केंद्र आधीच ठरवणार आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभाही आहे. म्हणजे मजुराच्या मागणीमागून पैसा जायचा, तिथे आता ठरलेल्या पैशात मागणी बसवावी लागेल. जळगाव-धुळ्याच्या ग्रामसभांनी कामांच्या आराखड्याबरोबर गावातल्या मागणीचे आकडे फलकावर लावावेत, प्रत्येक पोचेची नोंद वाचून दाखवावी आणि अपुरी पडणारी रक्कम जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी कळवावी. महाराष्ट्राने याच कामासाठी पन्नास वर्षांपूर्वी व्यवसाय कर लावला होता. राज्याच्या वाट्याचे 40 टक्के कुठून येणार, हा प्रश्न विधिमंडळात खानदेशच्या आमदारांनी सर्वांत आधी विचारायला हवा.