एकशे सहा प्रश्न विचारणारा राजा

युरोची नोट कधी हाती आलीच, तर ती जरा निरखून पाहावी. २०१३ सालापासून निघालेल्या नव्या नोटांवर चलनाचे नाव तीन लिप्यांत आढळते: रोमन, ग्रीक आणि सिरिलिक. ही तिसरी लिपी २००७ साली बल्गेरियाबरोबर युरोपीय संघात आली. तिच्या मुळाशी मात्र नवव्या शतकातल्या एका राजाची दूरदृष्टी आहे. त्याचे नाव बोरिस.

बोरिस ८५२ मध्ये गादीवर आला, तेव्हा त्याच्या राज्यात दोन समाज नांदत होते. सत्ता बल्गारांची, तर बहुसंख्य प्रजा स्लाव्ह. दैवते वेगळी, बोली वेगळ्या. शेजारी बलाढ्य बायझंटाईन साम्राज्य. दुष्काळ आणि या साम्राज्याच्या सैन्याचा दबाव अशा दुहेरी कोंडीत ८६४ च्या सुमारास बोरिसने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि सम्राटाचेच मायकेल हे नाव घेतले. जुन्या सरदारांनी बंड केले. बोरिसने ते मोडलेच, शिवाय बावन्न सरदारांना कुटुंबासकट मारले. पुढे रोमच्या पोपने निरपराध मुलाबाळांच्या या हत्येबद्दल त्याला दोष दिला.

पोपचा संबंध आला तो असा. ग्रीक धर्मगुरूंच्या मागोमाग सम्राटाची हुकमत येणार, हे बोरिसने ओळखले होते. म्हणून ८६६ मध्ये त्याने पोप पहिला निकोलस याच्याकडे प्रश्नांची लांबलचक यादी धाडली. ते पत्र आज उपलब्ध नाही, पण पोपची १०६ उत्तरे टिकून आहेत. विजार घातली तर पाप लागते का? युद्धात घोड्याच्या शेपटीचे निशाण चालेल का? आम्हाला स्वतःचा धर्मप्रमुख मिळेल का? वरवर भाबडे वाटणारे हे प्रश्न एकच गोष्ट विचारत होते: नवा धर्म घेऊनही आम्ही आम्हीच राहू शकतो का? रोमकडून मनाजोगता धर्मप्रमुख मिळेना, तेव्हा ८७० मध्ये बोरिस पुन्हा कॉन्स्टँटिनोपलकडे वळला आणि राज्यासाठी आर्चबिशप मिळवला.

तरीही प्रार्थना ग्रीकच होती. बोरिसच्या धर्मांतराची नोंद करणारा, आजच्या अल्बानियात सापडलेला शिलालेखही ग्रीक भाषेतच आहे! स्वतःच्या घरातली वार्ता परक्या भाषेत कोरावी लागत होती.

ही कोंडी फुटली ८८६ मध्ये. स्लाव्ह भाषेसाठी लिपी घडवणाऱ्या सिरिल आणि मेथोडियस या बंधूंचे शिष्य मोरावियातून हाकलले गेले होते. बोरिसने त्यांना आश्रय दिला. क्लेमेंटला त्याने नैर्ऋत्येकडे, ओह्रिडच्या परिसरात शिकवायला पाठवले. तिथे साडेतीन हजार विद्यार्थी तयार झाले, असे त्याचे चरित्र सांगते. नाउम राजधानीच्या भागात राहिला. पुढे प्रेस्लाव येथील विद्वानांच्या वर्तुळात, ग्रीक अक्षरांच्या धर्तीवर, आजची सिरिलिक लिपी आकाराला आली.

८८९ मध्ये बोरिस राज्य सोडून मठात गेला. पण थोरला मुलगा व्लादिमीर जुन्या धर्माकडे वळू लागला, तसा हा संन्यासी बाप ८९३ मध्ये मठाबाहेर आला. त्याने मुलाला पदच्युत केले आणि त्याचे डोळे काढले. धाकटा सिमेऑन गादीवर बसला, राजधानी प्रेस्लावला हलली आणि ग्रीकच्या जागी स्लाव्ह भाषा आली. बोरिस पुन्हा मठात गेला आणि ९०७ मध्ये तिथेच वारला. बल्गेरियाने त्याला संत मानले. त्या आंधळ्या मुलाची आठवण मात्र क्वचितच निघते.

पुढे बल्गेरियाचे राज्य दोनदा बुडाले: १०१८ मध्ये बायझंटाईन सम्राटाने ते जिंकले, तर चौदाव्या शतकाच्या अखेरीस ऑटोमन तुर्कांनी. तुर्की अंमल तर जवळजवळ पाच शतके टिकला. सिंहासन गेले, राजधानी गेली, पण मठांमधून हाताने उतरवलेल्या पोथ्या राहिल्या. आजही २४ मे रोजी बल्गेरियात लिपीचा सण साजरा होतो. राज्ये तलवारीने मिळतात. ती हातची गेल्यावर माणसांना एकत्र बांधून ठेवते ती अक्षरओळख. १०६ प्रश्न विचारणाऱ्या राजाला याचे उत्तर ना रोमने दिले, ना कॉन्स्टँटिनोपलने. ते त्याला सापडले आसरा मागत दारी आलेल्या काही शिक्षकांपाशी.