भूमिती अडली, तर आईनं काय विचारावं?

गटाच्या बैठकीत नववी-दहावीच्या मुलींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "भूमिती अडते हो तिची, पण आपल्याला त्यातलं काय कळतंय?" आज त्याबद्दलच बोलू. प्रमेय आपल्याला येत नसलं, तरी मुलीला वाट सापडेल असे प्रश्न आपण नक्की विचारू शकतो.

भूमितीतली एकच गोष्ट चार प्रकारे मांडता येते. शब्दांत, आकृतीत, हातातल्या वस्तूत आणि अक्षरं-आकड्यांत. मुलं बऱ्याचदा अडतात ती एका मांडणीतून दुसरीत जाताना.

एक प्रमेय घेऊ. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असतील, तर त्यांच्या समोरचे कोनही सारखे असतात. हे झाले शब्द. नुसते पाठ केले, तर आकृती जरा बदलली की गोंधळ होतो.

आता रद्दीच्या कागदातून असा त्रिकोण कापा. सारख्या दोन बाजू एकमेकींवर येतील अशी घडी घाला. खालचे दोन्ही कोपरे बरोबर जुळतात. कागद उघडला की मधोमध घडीची रेघ दिसते. वहीतल्या आकृतीतही तीच रेघ काढायची. त्रिकोणाचे दोन भाग होतात आणि 'बाकोबा', म्हणजे बाजू-कोन-बाजू, या कसोटीनं ते एकरूप ठरतात. फळ्यावरची ती जास्तीची रेघ कुठून आली, हे घडीवरून उमगतं. कागदाच्या घड्यांनी भूमिती समजावणारं पुस्तक टी. सुंदर राव यांनी १८९३ सालीच मद्रासला काढलं होतं.

मग आकडे. वरचा कोन ४० अंशांचा असेल, तर १८० मधून उरले १४०. दोघांत सारखे वाटले की प्रत्येकी ७०.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. घडी एकाच त्रिकोणाचं दाखवते, प्रमेय तशा सगळ्या त्रिकोणांचं असतं. म्हणून "मोजून पाहिलं" एवढं लिहून भागत नाही, कारण द्यावं लागतं. दुसरं, त्रिकोण नेहमी उभाच काढायची सवय लागली, तर तो कलता आला की मुलीला सारख्या बाजू ओळखू येत नाहीत. तिला वही फिरवून बघायला सांगा.

तर मुलगी अडली की शेजारी बसा आणि विचारा: दिलंय काय? विचारलंय काय? ते आकृतीत कुठं आहे? कागदानं दाखवशील? आणि हे खरं कशावरून? शाळेत यालाच पक्ष, साध्य आणि सिद्धता म्हणतात.

"मला गणित जमत नाही" असं मुलगी नववीतच धरून बसली, की पुढं पॉलिटेक्निकसारख्या वाटांचा विचारही ती करत नाही. त्याआधी तिला समजावून सांगायला लावा. आपल्याला समजेपर्यंत सांगताना तिचं तिलाच बरंचसं सुटतं.