मशीनवर टाकलेल्या माणसाची निगा

पडेगाव, मिटमिट्याकडच्या घरात कुणाची धाप अचानक वाढली, की १०८ ची गाडी छावणी, मिलकॉर्नर, भडकल गेट करत घाटी गाठते. घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून आणि बुलढाणा, जळगावकडूनही पेशंट इथं येतात. आयसीयूबाहेर चादरी टाकून बसलेल्या नातेवाइकांत एक वाक्य हलक्या आवाजात फिरत असतं : “मशीनवर टाकलंय.” त्यापुढे कुणी बोलत नाही, कारण मनातल्या मनात बहुतेकांनी निकाल लावून टाकलेला असतो. तो निकाल ज्या समजुतींवर उभा असतो, त्यांतल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत. त्यांच्यामुळे नातेवाईक सिस्टरांवर रागावतात आणि विचारायचं तेच विचारायचं राहून जातं.

‘चांगली मशीन मिळाली, आता काळजी नाही’

ही मशीन, म्हणजे व्हेंटिलेटर, कोणताही आजार बरा करत नाही. ठरवलेल्या मापाची हवा, ठरवलेल्या प्रमाणात ऑक्सिजन मिसळून फुप्फुसात ढकलायची आणि परत बाहेर येऊ द्यायची, एवढंच त्याचं काम. न्यूमोनिया औषधांनी हटतो. मण्यार किंवा नाग चावला, तर प्रतिविष द्यावं लागतं आणि लुळे पडलेले श्वासाचे स्नायू पुन्हा हलेपर्यंत थांबावं लागतं. फवारणीचं औषध पोटात गेलेल्या शेतकऱ्याचंही तसंच. तोवर मशीन वेळ मिळवून देते.

हा वेळ फुकट मिळत नाही. नळी तोंडातून थेट श्वासनलिकेत उतरलेली असते, त्यामुळे गिळणं थांबतं, बोलणं बंद होतं, खोकल्याचा जोर राहत नाही. तोंडातल्या जंतूंना खाली उतरायला वाट मिळते. माणूस तासन् तास एका अंगावर पडून राहतो. मशीनमुळे आलेले हे धोके दिवसरात्र निस्तरत राहणं, म्हणजे अशा पेशंटची शुश्रूषा.

नुसती मशीन पुरत नाही, हे शहराला एकदा फार कडू रीतीनं कळलं होतं. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मराठवाड्यासाठी आलेल्या १५० व्हेंटिलेटरांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. वापरात आणलेली ११३ यंत्रं सदोष असल्याचं घाटीच्या अहवालात म्हटलं होतं, ३७ अजून खोक्यातच होती. केंद्र सरकारनं दोष मान्य केला नाही आणि यंत्रं हाताळण्यातल्या उणिवांकडे बोट दाखवलं. त्या वादात यंत्रांचे आकडे तोंडपाठ झाले, पण एका यंत्रामागे किती सिस्टर हव्यात, हा आकडा कुणाच्या चर्चेत नव्हता. तो आकडा सोपा आहे : व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे प्रत्येक पाळीत एक. अतिदक्षता विभागासाठी भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण हेच सांगतं. यंत्र देणगीत मिळतं, फीत कापून वॉर्डात येतं. सिस्टरचं पद मात्र मंजूर करावं लागतं, भरावं लागतं आणि दरमहा पगार द्यावा लागतो. माझ्या मते आपल्या सरकारी रुग्णालयांची खरी टंचाई तिथं आहे.

मशीन नसताना माणसांनी काय केलं, त्याचाही दाखला आहे. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओच्या साथीनं श्वास लुळा पडलेली मुलं मोठ्या संख्येनं दगावत होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्यातून नळी घालून रबरी फुग्यानं हवा द्यायला सुरुवात केली. वैद्यकीय शिक्षण घेणारे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, आठवडे न् आठवडे, हातानं फुगा दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून मानतात.

‘मशीन वाजली आणि सिस्टरनं आवाजच बंद केला’

दाराच्या काचेतून हे दिसलं की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. पण अलार्म बंद करणं हे प्रशिक्षित सिस्टरचं काम आहे, अट एवढीच की त्याच क्षणी तिची नजर पेशंटकडे गेली पाहिजे. छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलते का, ओठांचा रंग कसा आहे, बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा कुठं आहे, हे आधी. स्क्रीन नंतर. दाब वाढल्याचा अलार्म पेशंट खोकला, त्यानं नळी चावली, कफाचा गोळा अडकला, नळी दुमडली किंवा तिच्यात पाणी साचलं तरी वाजतो. दाब घटल्याचा अलार्म बहुधा जोड निसटल्याचा असतो. छातीची एक बाजू हलेनाशी झाली, तर नळी जास्त आत सरकली असेल किंवा फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल, आणि मग डॉक्टरला हाक मारायला क्षणही दवडायचा नसतो. कारण सापडत नाही आणि पेशंट खालावतोय, अशा वेळी मशीन सोडवून अँबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या फुग्यानं, श्वास द्यायचा. म्हणून प्रत्येक खाटेच्या उशाशी अँबू, मास्क आणि ऑक्सिजनची जोडणी तयार असायलाच हवी. लाइट गेली, मशीनची बॅटरी संपली, तरी पेशंट त्या अँबूवर तगतो.

‘४० टक्क्यांवर आलाय, म्हणजे आशा ४० टक्केच’

हा आकडा हवेतल्या ऑक्सिजनचा असतो, जगण्याच्या शक्यतेचा नव्हे. आपण घेतो त्या साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. मशीन १०० वरून ४० वर आली, तर ती आनंदाची बातमी आहे.

‘सक्शन करून करून माझ्या माणसाचा छळ करतात’

सक्शन म्हणजे बारीक नळीनं कफ ओढून काढणं. ते बघवत नाही, हे खरंच. पेशंटचा चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, अंग उचलतं. पण नळीतला कफ त्याला स्वतः खोकून बाहेर टाकता येत नाही, आणि तो वाळून बसला तर नळी बुजते. तेव्हा सक्शन लागणारच.

गंमत अशी की याच्या उलट गैरसमजही तितकाच पक्का आहे, आणि तो कधीकधी वॉर्डातही सापडतो : दर तासाला, घड्याळ लावून, भरपूर ओढलं की फुप्फुस स्वच्छ राहतं. तसं नसतं. कफाचा घरघर आवाज आला, नळीत स्राव दिसला, दाब वाढला, ऑक्सिजन उतरला, तर सक्शन करायचं. कारण नसताना करायचं नाही. त्याआधी थोडा वेळ १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा, सक्शनची नळी श्वासाच्या नळीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून बारीक घ्यायची आणि एका खेपेला १५ सेकंदांपेक्षा जास्त आत ठेवायची नाही. कफ पातळ करायला दर वेळी सलाईन सोडण्याची जुनी सवयही आता सोडायला सांगतात. सलाईन सोडल्यावर ऑक्सिजन उतरतो आणि जंतू आणखी खोल जाऊ शकतात. कफ मऊ राहतो तो आत जाणारी हवा ओलसर आणि कोमट ठेवल्यानं.

सगळ्यांत महत्त्वाचं पाऊल हातमोजे चढवण्याआधीचं आहे. “काका, कफ काढते आहे, जरा ठसका लागेल, लगेच संपेल,” असं पेशंटच्या कानाशी सांगणं. शुद्ध हरपलेल्या पेशंटलाही सांगायचं. त्याला ऐकू येत नाही, हे ठरवणारे आपण कोण?

‘झोपेच्या इंजेक्शनवर शांत ठेवलंय, तेच बरं’

आपल्याकडे झोप म्हणजे आराम, हे समीकरण आहे. आयसीयूत ते फार महागात पडतं. गाढ गुंगीत ठेवलेला माणूस स्वतः श्वास घेण्याचा प्रयत्न करत नाही, श्वासाचे स्नायू झपाट्यानं दुबळे होतात आणि मशीनवरचे दिवस वाढतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवलेले पेशंट इतरांपेक्षा लवकर मशीनवरून सुटले. आता बहुतेक पेशंटांना हाक मारली की डोळे उघडतील इतपतच गुंगीत ठेवायचा प्रयत्न असतो. सकाळी औषध कमी करून, मशीनचा आधार उतरवून, तो स्वतः किती तग धरतो ते पाहतात.

त्या जागेपणी पेशंट घाबरतो. नळी स्वरयंत्रातून गेलेली असल्यामुळे आवाज फुटत नाही, आणि तो स्वतः समजतो की आपली वाचा गेली. “नळी आहे म्हणून आवाज येत नाही, नळी काढली की बोलाल,” हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. दुखतंय, तहान लागली, कूस बदला, घरचे कुठं आहेत, एवढे चार शब्द मराठीत आणि उर्दूत लिहिलेला एक पुठ्ठा खाटेला टांगला, तर या शहरातल्या बहुतेक पेशंटांची सोय होते. पाटी-पेन्सिलही चालते. निरक्षर आजीसाठी चित्रं काढा. नातेवाइकांनी करण्याजोगं सर्वांत मोठं काम इथं आहे : तिचा चष्मा आणि कानाचं यंत्र आणून द्या, आज कोणता वार, बाहेर पाऊस आहे की ऊन, घरी कोण कसं आहे ते सांगा. आयसीयूतल्या अखंड उजेडात पेशंटला दिवसरात्रीचं भान उरत नाही, भ्रम होतो. तो भ्रम उतरायला घरच्या आवाजाची मदत होते.

हात बांधलेले दिसले तर भांडू नका, पण विचारा जरूर. नळी ओढून काढली तर जीव जाऊ शकतो, हे खरं. तरीही बांधणं हा शेवटचा उपाय. आधी वेदना, भरलेली लघवीची पिशवी, भीती, भ्रम यांची दखल घ्यायची. बांधावंच लागलं तर पट्टी मऊ हवी, ती ठरावीक वेळानं सोडून बोटांचा रंग आणि ऊब तपासायला हवी.

‘तोंड पुसणं, कूस बदलणं ही मावशीची कामं’

व्हेंटिलेटरवर ४८ तास उलटल्यानंतर होणारा न्यूमोनिया हा आयसीयूतला सर्वांत घातक संसर्गांपैकी एक. त्याला थोपवणारी साधनं पाहिली तर ती साधी आहेत. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच, म्हणजे पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरत नाही. दात, हिरड्या, जीभ ब्रशनं घासणं. या कामी पूर्वी क्लोरहेक्सिडिनवर भर असे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढला आणि साध्या ब्रशला पहिला मान दिला. नळीच्या टोकाशी असलेल्या छोट्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवणं. कमी झाला तर लाळ खाली गळते, जास्त झाला तर श्वासनलिकेचं अस्तर दबून मरतं. हा दाब बोटानं चाचपून कळत नाही, मापकच लावावं लागतं. आणि प्रत्येक स्पर्शाआधी हात धुणं. मशीनच्या नळ्या मात्र रोज बदलायच्या नसतात, घाण किंवा खराब झाल्या तरच. त्यांत साचलेलं पाणी पेशंटच्या दिशेनं ओघळू द्यायचं नाही.

याच कारणासाठी एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. तोंडात गंगाजल किंवा तीर्थ घालू द्या, अशी विनवणी घरचे करतात. भावना कळते. पण ते पाणी घशात त्या फुग्यावर साचतं आणि कडेनं झिरपत फुप्फुसाकडे जातं. सिस्टरला विचारून ओठांना ओलं बोट लावा. अंगारा कपाळाला लावा, नळीजवळ नको.

कूस बदलण्याचं मोल समजून घ्यायचं तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे पाहा. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग प्राणघातक हल्ल्यानंतर १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथं अंथरुणाला खिळून होत्या. त्या व्हेंटिलेटरवर नव्हत्या, फक्त अखेरच्या दिवसांत न्यूमोनिया झाला तेव्हा तो लावावा लागला. पण इतक्या वर्षांत अंगावर बेडसोर होऊ न देणाऱ्या तिथल्या परिचारिकांच्या सेवेची दखल सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात घेतली. साधारण दर दोन तासांनी कूस, टाचांखाली आधार, कोरडी चादर, न मिटणाऱ्या पापण्यांखाली मलम, ओठाच्या त्याच कोपऱ्यावर नळी रुतू नये म्हणून तिची जागा बदलणं आणि बदलल्यावर दाताजवळचा सेंटिमीटरचा आकडा पुन्हा ताडून पाहणं. या कामांना जो हलकं म्हणतो, त्यानं ती एक रात्र करून पाहावीत.

‘मेलेला माणूस मशीनवर ठेवून बिल वाढवतात’

ही भीती सिनेमांनी घट्ट केली. व्हेंटिलेटर हृदय चालवू शकत नाही. हृदय थांबलं की ईसीजीची रेघ सपाट होते, रक्तदाब मिळत नाही, अंग गार पडून काही तासांत ताठरतं. मशीन छाती वरखाली करत राहिली तरी हे लपत नाही. मेंदूमृत्यूची गोष्ट वेगळी : तिथं हृदय चालू असतं, म्हणून घरच्यांना पटत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून तो ठरवायचा असतो. बिलाबद्दल शंका असेल तर रोजच्या नोंदी दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. मशीनवरून अनेक पेशंट सुटून घरी जातात, हेही लक्षात असू द्या.

गळ्याला छेद देऊन नळी बसवली म्हणजे आशा सोडली, असंही नाही. तोंड मोकळं होतं, गुंगी कमी लागते, कफ काढणं सोपं जातं. गरज संपल्यावर नळी काढली की तो छेद बहुधा आपोआप भरून येतो.

‘नळी निघाली, आता दोन घोट चहा पाजू’

इथं सर्वांत जास्त घाई होते. काही दिवस नळी राहिलेला घसा सुजलेला असतो, आवाज घोगरा येतो आणि गिळण्याचा ताल बिघडलेला असतो. चहा पोटाऐवजी फुप्फुसात गेला, तर पेशंट पुन्हा मशीनवर जाऊ शकतो. आधी सिस्टर त्याला ताठ बसवून, जागा आहे ना, खोकता येतंय ना ते पाहतात आणि चमच्यानं थोडं पाणी देऊन बघतात. ठसका लागला नाही, आवाज ओलसर झाला नाही, तर हळूहळू पातळ भाताची पेज, मऊ खिचडी. तोपर्यंत नाकातल्या नळीनं पोटात अन्न जात असतं, तो उपाशी नसतो. डबा घेऊन दारात उभं राहिलात तरी सिस्टर हो म्हणेपर्यंत तो उघडू नका.