घरगुती मत्स्यालयातील स्पंज

माशांची काचेची टाकी घरात आली म्हणजे तिच्यासोबत पाणी गाळण्याचे एक लहानसे साधनही येते. अगदी साध्या प्रकारात एका नळीवर बसविलेला स्पंज असतो. नळीतून वर चढणारे हवेचे बुडबुडे पाण्याला आपल्याबरोबर ओढतात आणि त्यामुळे टाकीतील पाणी स्पंजातून अखंड झिरपत राहते. कालांतराने हा स्पंज झिजतो व मऊ पडतो. मग त्याच्या जागी भांडी घासण्याचा नवा स्पंज किंवा जुन्या गादीतील फोमचा तुकडा बसविण्याचा मोह होतो. दिसण्यात तर सारे एकच! परंतु अशा बदलानंतर थोड्याच दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागल्याचे कित्येकदा आढळते, आणि आश्चर्य असे की पाणी मात्र स्वच्छ दिसत असते.

याचे कारण असे, की कचरा अडविणे हे स्पंजाचे दुय्यम काम होय. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. हा पदार्थ त्यांना विषासमान असून पाणी जितके अल्कधर्मी, तितका त्याचा घातक अंश अधिक. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे बऱ्याच कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने या जीवाणूंचा छडा लावला. ही दोन कामे दोन निरनिराळ्या जीवाणूंची, अशी पुढे दीर्घकाळ समजूत होती. नायट्रोस्पायरा वंशातील काही जीवाणू दोन्ही कामे एकटेच करतात, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. हे जीव पृष्ठभागाला चिकटून राहतात. स्पंजाच्या असंख्य पोकळ्या हे त्यांचे घर होय.

तेव्हा स्पंजाची निवड माशांइतकीच या अदृश्य भाडेकरूंकडे पाहून करावी लागते. ‘जंतुनाशक’ म्हणून विकला जाणारा स्वयंपाकघरातील स्पंज ज्या गुणामुळे गृहिणीस पसंत पडतो, त्याच गुणामुळे टाकीत घात करतो. सेल्युलोजचा स्पंज तर जीवाणूंचे अन्नच ठरतो; तो पाण्यात हळूहळू कुजतो. गाद्या व आसने यांच्या फोममध्ये आग लवकर पकडू नये म्हणून रसायने घातलेली असू शकतात, आणि ती धुण्याने जातीलच असा भरवसा नाही. रंगावरून काहीच कळत नाही.

मत्स्यालयासाठी पॉलियुरेथेनचा फोम सर्वत्र वापरतात. परंतु त्यातही दोन जाती आहेत. पॉलिएस्टर जातीचा फोम दीर्घकाळ पाण्यात राहिल्यास त्याचे रासायनिक बंध तुटतात व तो चिकट होऊन भुरभुरू लागतो. पॉलिईथर जातीचा पाण्यात अधिक टिकतो. शिवाय पोकळ्यांमधील पातळ पापुद्रे काढून टाकलेला, म्हणजे आरपार जाळीदार फोम हवा. कोरडा तुकडा ओठांशी धरून फुंकर मारली असता हवा सहज पार झाली पाहिजे. दर इंचास सुमारे २० ते ३० छिद्रे असलेला फोम बहुतेक टाक्यांस चालतो. याहून बारीक छिद्रे लवकर तुंबतात, आणि तुंबलेल्या स्पंजाच्या गाभ्यात प्राणवायू न पोहोचल्याने जीवाणू गुदमरतात.

नवा तुकडा साबणाविना धुऊन एक-दोन दिवस बादलीत भिजत ठेवावा. पाण्याला वास आला, तवंग दिसला किंवा पिळल्यावर फेस आला, तर तो टाकून द्यावा. मात्र यांपैकी काही न दिसले म्हणजे स्पंज निर्दोष ठरला, असे नव्हे. विरघळलेली कित्येक विषे डोळ्यांस दिसत नाहीत. म्हणून मूळ पदार्थ कोणता हे विक्रेत्यास विचारणेच श्रेयस्कर.

वापरातील स्पंज नळाखाली धुतल्यास नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंना मारतो. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा. नवा स्पंज बसविताना जुना लगेच फेकू नये. महिना-दीड महिना दोन्ही शेजारी चालू ठेवले, म्हणजे जुन्यातील जीवाणू नव्यात वस्ती करतात व नंतर जुना काढता येतो.