अंगणाचा उतार नजरेने ठरवू नका

भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागला की दोष रंगाला दिला जातो, नाहीतर सिमेंटला. कारण बरेचदा बाहेर असते. अंगण घराकडे उतरते आणि पाणी जोत्यापाशी मुरते. विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून ते केशाकर्षणाने वर चढते, सोबत क्षार नेते. पाणी उडून जाते, पांढरी पूड मागे राहते. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत दुखणे आणखी खोल. ही माती ओलीने फुगते, वाळली की आकसते. पायाच्या एकाच अंगाला पाणी साचत राहिले, तर ते अंग उचलले जाते आणि भिंतीला तिरक्या भेगा पडतात.

पाणी थोडेथोडके नसते. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० हजार लिटर पाणी पागोळ्यांवाटे खाली येते. कोकणात असा दिवस पावसाळ्यात नवलाचा नाही.

मातीच्या अंगणाला घरापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच, म्हणजे ५ टक्के उतार हवा. फरशीला किंवा कोब्याला २ टक्केही पुरतो. एवढा फरक नजरेला नीट कळत नाही. गवंड्याचा लेव्हल पाइप तो चोख दाखवतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही तोंडे उघडी ठेवली की दोन्हीकडची पातळी एकच येते, कारण दोन्ही पृष्ठभागांवर हवेचा दाब सारखाच असतो. मात्र आत बुडबुडा अडकला की माप फसते. म्हणून नळी सावकाश भरावी आणि आधी दोन्ही तोंडे शेजारी धरून पातळी जुळते का ते पाहावे.

मग एक तोंड जोत्यापाशी, दुसरे दहा फुटांवर. पाणी स्थिरावले की दोन्हीकडे पातळीपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. जोत्यापाशी ३ फूट आणि तिकडे ३ फूट ६ इंच आले, तर उतार बरोबर. तिकडचे माप कमी आले, तर पाणी घरात शिरायला निघाले आहे!

एकदा मोजून भागत नाही. पायाभोवतीची भर पुढच्या पावसाळ्यांत बसते, तीही नेमकी भिंतीलगत. त्यात रस्त्यांवर थरावर थर चढतात आणि जुनी घरे खड्ड्यात जातात. आधी जुना थर खरवडा, असा आग्रह रहिवाशांनी धरायलाच हवा. जिथे उशीर झाला, तिथे अंगणात उथळ चर काढून पाणी बाजूने न्यावे. चराला शंभर फुटांना एक फूट उतार चालतो.

नवी भर घालताना मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून धुम्मसाने चोपावा. ती जोत्यावरच्या डीपीसीच्या, म्हणजे ओल अडवणाऱ्या थराच्या, बरीच खाली थांबली पाहिजे. त्याच्या वर गेलेली माती थेट भिंतीला ओल पुरवते, मग उतार कितीही चांगला असो.